तळघरातला टीव्ही: आधी जिना मोजा, मग काळा रंग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराखाली तळघर आहे, 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, छत 2.2 मीटरवर. छताला लागून हातभर लांबीची एकच खिडकी. टीव्ही आखूड भिंतीवर लावायचा आहे आणि सोफ्यावर बसलं की डोळ्यांपासून ती भिंत 2.8 मीटरवर येते. बघणारे चौघं, चित्रपट, सामने, मुलांचे गेम असं सगळंच. 65 इंची घ्यावा की 75? 4के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, लागतोच का? ओएलईडीची, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या पडद्याची, एवढी तारीफ ऐकतो, ती खरी का? आणि शेवटचं, 'दुकानात सगळेच झकास दिसतात, मग निवडायचं कशावरून?'

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जिन्यातून उतरत असेल तर 75. खोली कोरडी असेल तर ओएलईडी (त्यात 75 च्या जागी 77 इंची मिळतो). ओएलईडी जमत नसेल तर व्हीए पॅनेलचा एलसीडी, ज्याच्या मागचे दिवे विभागवार मंद होतात असा. आयपीएस पॅनेल तळघरात नको. (व्हीए आणि आयपीएस ह्या एलसीडी पॅनेलच्या दोन जाती, फरक पुढे सांगतो.) पण ह्यात दोन-तीन 'तर' आहेत, आणि इतकी वर्षं टीव्ही लावत फिरल्यावर एवढं नक्की सांगतो, की लोकांची फजिती ह्या 'तर'पाशी होते. मॉडेल चुकलं म्हणून रडणारा क्वचितच भेटतो.

म्हणून सुरुवात जिन्यापासून.

75 इंची पडदा म्हणजे 166 सेंमी रुंद आणि 93 सेंमी उंच. हे झालं नुसत्या चित्राचं माप. खोका साधारण 180 ते 190 सेंमी लांब आणि मीटरभराहून उंच असतो, आणि तो आडवा झोपवून न्यायचा नसतो. पडदा आडवा धरला की मधोमध झोल येतो आणि काच किंवा आतले थर त्या झोलानेच जातात. उभा धरूनच न्यायचा. आता हा उभा खोका तुमच्या जिन्याच्या वळणावर फिरतो का, हा खरा पहिला प्रश्न. तळघराचे जिने अरुंद असतात, मध्येच वळतात, आणि वळणावर नेमकी वरच्या मजल्याची तुळई डोक्यावर आलेली असते.

एकदा मी आणि माझा मदतनीस असेच वळणावर अडकलो. खाली जाईना, वर येईना, खालच्याच्या खांद्यावर सगळा भार. शेवटी तिथेच पायरीवर खोका फाडला आणि नुसता पॅनेल हातात घेऊन उतरलो. बारीकशी चूक झाली: वळताना माझा अंगठा कडेवरून सरकून पडद्यावर टेकला, जेमतेम क्षणभर. वरून काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी भिंतीवर चढवून चालू केला, तर अंगठा टेकला होता त्या जागेतून वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. तो टीव्ही माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून मी मोठा पडदा असेल तर आदल्या दिवशी पुठ्ठा घेऊन जातो. खोक्याची लांबी-उंची मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेली असते. त्या मापाचा पुठ्ठा कापायचा, दोघांनी दोन टोकांना धरायचा आणि जिना उतरून बघायचा. जाडीसाठी 20 सेंमी जागा सोडायची. कुठे अडला तर कठडा काढता येतो का ते बघायचं. नाहीच जमलं तर 65 घ्यायचा आणि समाधान मानायचं. 65 चा खोका बऱ्याच जिन्यांतून निघतो.

दुसरा 'तर' ओलीचा. हा जरा सविस्तर सांगतो, कारण टीव्हीच्या जाहिरातीत ह्याचं नावही नसतं.

तळघराच्या ज्या भिंतींच्या मागे माती आहे त्या थंड असतात. खोलीतली दमट हवा त्यांना लागली की पाणी धरतं, आणि शिवाय मातीतली ओल भिंतीतून झिरपते ती वेगळीच. दोन्हींचा इलाज निराळा, म्हणून आधी कुठली आहे ते ओळखा. हातरुमालाहून जरा मोठा, जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. काढताना प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवाच दमट आहे. हवा दमट असेल तर ओलावा शोषणारं यंत्र आणि थोडी हवा खेळती ठेवणं एवढ्याने भागतं. भिंतीतून पाणी येत असेल तर टीव्हीचा विचार बाजूला ठेवून आधी गवंडी बोलवा.

एक साधं आर्द्रतामापक आणून आठवडाभर खोलीत ठेवलंत तर फारच चांगलं. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत 80 टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालते असं लिहिलेलं असतं, पण ती यंत्राची मर्यादा झाली. घरात 60 च्या वर आकडा टिकून राहिला की बुरशीला आमंत्रणच. सोफ्याला वास येऊ लागतो, मागच्या जोडण्यांवर गंज चढतो, आणि एलसीडीच्या आतल्या प्रकाश पसरवणाऱ्या थरांत ओल शिरली तर पडद्यावर ढगासारखे धुरकट डाग येतात. ते पुसून जात नाहीत.

ह्याच मुद्द्याला जोडून: बाहेरच्या भिंतीत भोकं पाडण्याआधी थांबा. पुष्कळ तळघरांना आतल्या बाजूने जलरोधक थर दिलेला असतो. ब्रॅकेटसाठी चार भोकं पाडलीत की त्या थराला चार तोंडं फुटली. मी अशा भिंतीवर टीव्ही टांगतच नाही. भिंतीपासून पाच-सात सेंमी अंतर सोडून जमीन ते छत अशी लोखंडी किंवा लाकडी चौकट उभी करतो आणि ब्रॅकेट त्या चौकटीला लावतो. मागून हवा फिरते, वायरी लपतात, भिंत शाबूत राहते. किंवा सरळ जमिनीवर उभा राहणारा स्टँड. आखूड भिंतींपैकी एक जर घराच्या आतली असेल, म्हणजे पलीकडे माती नसून दुसरी खोली असेल, तर डोळे मिटून तीच निवडा. सॉकेट जमिनीपासून गुडघ्याच्या वर, एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर लोळत ठेवायचा नाही, आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. तळघरात पाणी कधी शिरेल ते सांगून येत नाही.

आता आकार. लोक विचारतात, किती इंची घ्यावा. मी विचारतो, किती कोनात बघणार. चित्रपट-तंत्रज्ञांमध्ये जुना ठोकताळा आहे: पडद्याची रुंदी डोळ्यांपाशी निदान 30 अंशांचा कोन करायला हवी, आणि चित्रपटगृहाचा अनुभव हवा असेल तर 40 च्या आसपास. तुमच्या 2.8 मीटरवर 55 इंची पडदा साडेचोवीस अंश भरतो, 65 इंची जवळपास 29, 75 इंची 33 आणि 85 इंची 37. म्हणजे 65 उंबरठ्यावर आहे, 75 आत आलाय. अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा अंगावर येतो अशी भीती लोकांना वाटते. पहिले चार दिवस वाटतं खरं, पाचव्या दिवशी विसरतात. 'अजून मोठा घ्यायला हवा होता' हे मी शंभरदा ऐकलंय. उलटी तक्रार क्वचितच, आणि तीही बहुतेक वेळा टीव्ही फार उंचावर टांगल्यामुळे आलेली.

उंचीचं म्हणाल तर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण 105 सेंमीवर येतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. 75 इंचीची खालची कड मग 58 सेंमीवर येते. बघायला फार खाली वाटते, कारण आपण टीव्ही तसबिरीसारखा टांगायला शिकलोय. बसून बघा, मग ठरवा.

4के लागतोच का, ह्याचं प्रामाणिक उत्तर ऐकून विक्रेते नाराज होतात. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग एवढं बारीक वेगळं ओळखतो. 75 इंची पडद्यावर फुल एचडीचा, म्हणजे 1920 गुणिले 1080 चा, एक ठिपका सुमारे 0.87 मिलिमीटरचा होतो, आणि तो वेगळा दिसायला तीन मीटरच्या आत बसावं लागतं. तुम्ही 2.8 वर आहात. म्हणजे फुल एचडीचे ठिपके तुम्हाला जेमतेम सापडतील, आणि 4केने मिळणारा जास्तीचा बारकावा काठावरचाच असेल. तरीही 4केच घ्या, कारण ह्या आकारात आता चांगलं पॅनेल दुसऱ्या कशात मिळतच नाही, आणि 4केबरोबर जे एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा मोठा पल्ला, येतं ते मात्र 2.8 काय, 5 मीटरवरूनही दिसतं: दिव्याची ज्योत खरंच उजळ, तिच्याशेजारची सावली खरंच गडद. 8केचं नाव कुणी काढलं तर हसून विषय बदला.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते: अंधार.

टीव्हीचं दुकान म्हणजे प्रकाशाचा बाजार. छतावर ओळीने पांढरेशुभ्र दिवे, चाळीस टीव्ही एकमेकांवर डोळे वटारून उभे. तिथे जो सर्वांत भडक तो जिंकतो. तुमचं तळघर ह्याच्या बरोबर उलट. खिडकीवर पडदा ओढला की भर दुपारी काळोख. अशा खोलीत पडदा किती उजळतो ह्याला फारसं महत्त्व उरत नाही. तो किती काळा होतो ह्यावर सगळं चित्र उभं राहतं. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, आणि दुकानात दाट काळा वाटलेला रंग तळघरात राखाडी निघतो.

हे सर्वांत आधी चित्रपटाच्या वर-खाली दिसतं. टीव्हीचा आकार 16:9, म्हणजे 1.78:1, मोठ्या पडद्यावरचे पुष्कळसे चित्रपट 2.39:1 असतात. हा 16:9 कुणाच्या आवडीनिवडीतून आला नाही. 1980 च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्याने जुना टीव्ही आणि वेगवेगळ्या रुंदीचे चित्रपट ह्यांचे सारख्या क्षेत्रफळाचे चौकोन एकावर एक ठेवून काढलेली ती तडजोड आहे: सगळे आकार कमीत कमी जागा वाया घालवून एकाच चौकटीत बसावेत म्हणून. तडजोड म्हटली की पट्ट्या आल्याच. तुमच्या 75 इंचीवर रुंद चित्रपट लावलात तर वर आणि खाली प्रत्येकी 12 सेंमीची पट्टी रिकामी राहील. जुनी 4:3 मालिका लावलीत तर डावी-उजवीकडे वीस-वीस सेंमीहून जास्त. (ती ताणून पडदाभर करण्याचं बटण रिमोटवर असतं. वापरू नका, माणसं बुटकी दिसतात.) ह्या पट्ट्या खऱ्या काळ्या असतील तर अंधारात विरघळून जातात, चित्र हवेत तरंगल्यासारखं वाटतं. करड्या असतील तर दोन तास तुमच्यासमोर वर-खाली दोन धुरकट फळ्या चमकत राहतात, आणि एकदा दिसल्या की मग दिसतच राहतात.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे बंद. म्हणून तळघरात त्याला तोड नाही. एलसीडीत मागे दिवे कायम पेटलेले, पुढची स्फटिकांची झडप तो प्रकाश अडवते, आणि कुठलीच झडप शंभर टक्के बंद होत नाही. आयपीएस जातीची झडप जास्त गळते. पांढऱ्या-काळ्यातला फरक साधारण हजाराला एक. व्हीए जातीची पक्की मिटते. तीन हजाराला एक आणि त्याहून वर. उजेडाच्या दिवाणखान्यात हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तळघरात आंधळ्यालाही दिसेल असं मी गमतीने म्हणतो. खोक्यावर पॅनेलची जात लिहिलेली नसते. विक्रेत्याला विचारा, माहीत नसेल तर पुढे सांगतो त्या चाचणीने स्वतः ओळखा.

मिनी-एलईडी नावाने जे येतात ते एलसीडीच, फक्त मागचे दिवे शेकड्यांनी किंवा हजारांनी विभागलेले आणि प्रत्येक विभाग वेगळा मंद होणारा. चांगला असेल तर ओएलईडीच्या बराच जवळ जातो. त्याची खोड एकच: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की अक्षरांभोवती चंद्राला पडतं तसं खळं. तुम्ही अंधारात उपशीर्षकं वाचत चित्रपट बघणारे असाल तर हे खळं तुम्हाला छळेल.

मग ओएलईडीत वाईट काहीच नाही का? आहे. एकच चित्र महिनोन्‌महिने तासन्‌तास तिथेच राहिलं, बातम्यांची पट्टी म्हणा, वाहिनीचं चिन्ह म्हणा, गेममधला कोपऱ्यातला नकाशा म्हणा, तर त्याचा ठसा उमटू शकतो. चौघांच्या घरात पाहणं बदलतं राहतं, त्यामुळे मी ह्याचा बाऊ करत नाही. पण एक सवय मोडावी लागेल. ओएलईडी रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये राहून स्वतःच्या ठिपक्यांची डागडुजी करतो. काही तासांच्या वापरानंतर एकदा, आपल्या नकळत. तळघरातून वर येताना भिंतीवरचं मेन बटण खटकन बंद करणारी माणसं असतात, वीज वाचवायला किंवा भीतीपोटी. त्यांच्या घरी ही डागडुजी कधी होतच नाही. मग दोन वर्षांनी मला फोन. घरात असा कुणी असेल तर त्या बटणावर कागद चिकटवा.

जुने लोक प्लाझ्माची आठवण काढतात. मीही काढतो. अंधाऱ्या खोलीसाठी तो फार छान होता, पण 2014 च्या सुमारास मोठ्या उत्पादकांनी तो बंद केला. कुणी वापरलेला फुकट देत असेल तरी त्याचं वजन आणि तुमचा जिना आठवा.

बाजूला बसणाऱ्यांचा विचार करा. तुमच्या सोफ्याच्या टोकाला बसलेला माणूस मध्यापासून मीटरभर बाजूला असेल, म्हणजे पडद्याकडे जवळपास 20 अंशांतून बघेल. व्हीए इथे जेमतेम तग धरतो. जमिनीवर गादी टाकून आणखी कडेला लोळणाऱ्या मुलांना चित्र पुसट दिसेल. मुलं तक्रार करत नाहीत, पण दिसतं तसं. ओएलईडीत हा त्रास नाही.

दिव्यांबाबत लोकांचा अंदाज हमखास उलटा निघतो. पडद्याजवळचा छतावरचा दिवा काढायला निघतात आणि सोफ्यामागचा तसाच ठेवतात. पडदा म्हणजे उभा आरसा. तुमच्या मापांत हिशोब केला तर पडद्यापासून साधारण 4 मीटरच्या पुढे, म्हणजे सोफ्याच्या मागे, छतावर जो दिवा असेल तोच पडद्याच्या वरच्या कडेला चकाकताना दिसेल. पडद्याच्या पुढ्यातल्या दिव्याचं प्रतिबिंब तुमच्या डोळ्यांपर्यंत येतच नाही. जिन्यातला दिवाही सोफ्याच्या मागच्या बाजूला असेल तर असाच नडतो. सामना रंगात आला की कुणीतरी पाणी प्यायला वर जातं आणि पडद्यावर वीज चमकते. त्याला झाकण करा किंवा जिन्याला पडदा लावा. सोफ्यामागच्या दिव्यांचं बटण वेगळं करून घ्या. आणि पूर्ण काळोखात डोळे शिणतात म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, 6500 केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी, मंद पट्टी लावा. रंगीबेरंगी नको, पांढरीच. हा खर्च टीव्हीच्या मानाने फुटकळ आणि गुण मोठा.

गतीचं थोडक्यात. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचे असतात. पडदा 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र दाखवणारा, असेल तर प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा दिसतं, 60 चा असेल तर तीन-दोन, तीन-दोन असं लंगडत चालतं. म्हणून खरा 120 घ्या. खोक्यावरचे भलेमोठे आकडे सोडून द्या. मुलांच्या गेम-यंत्रासाठीही 120च कामाला येतो, त्यासाठी एचडीएमआय 2.1 ची जागा आहे का ते बघा.

आवाज. टीव्हीची जाडी दोन बोटं झाल्यापासून त्याच्या आवाजाबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, साउंडबार किंवा स्पीकर लागणारच, आणि त्यासाठी टीव्हीवर ईआर्क लिहिलेली, आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआयची जागा हवी. पण तळघराची एक गंमत तुमच्या मापांत नेमकी बसलीये, ती सांगतो. छत 2.2 मीटर असलं की फरशी आणि छताच्या मध्ये 78 हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. काँक्रीट खालचे सूर शोषत नाही, परतवतं. ह्या घुमण्याचा जोर फरशीशी आणि छताशी जास्तीत जास्त, आणि बरोबर मधल्या उंचीवर जवळजवळ शून्य. मधली उंची म्हणजे 1.1 मीटर. बसलेल्या माणसाचे कान तिथेच असतात! म्हणून अशा खोलीत सोफ्यावर बसलं की ढोल पोकळ वाजतो, उठून उभं राहिलं की पोटात बसतो. लोक सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, बदलत बसतात. बदलू नका. आधी तो कोपऱ्यातून बाहेर काढा. मग तो तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेने फिरा. जिथे खालचा सूर एकसारखा, न फुगलेला ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. रांगताना घरचे हसतात, हसू द्या. फरशीवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढं केलंत तर संवाद बरेच स्पष्ट होतात.

वायरी: वरच्या मजल्यावरचा राउटर सळईच्या स्लॅबमधून खाली पोहोचायला धापा टाकतो. चौकट उभारतानाच इंटरनेटची कॅट 6 वायर खाली ओढून घ्या. 4के चित्रपट प्रवाहासाठी 25 एमबीपीएस पुष्कळ झाले, टीव्हीची तारेची जोडणी तेवढं सहज देते. सेट-टॉप बॉक्स वर ठेवून लांब एचडीएमआय खाली आणायचा बेत असेल तर साधी तांब्याची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणारी, घ्यावी लागेल, आणि तिला सुलटं-उलटं टोक असतं. उलटी ओढलीत की सगळी परत काढायची. कंड्युट पाइप एवढा रुंद टाका की वायरीचं डोकं त्यातून जाईल. हे लक्षात न आल्यामुळे फोडलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत. आणि वरचा बॉक्स खालून रिमोटने चालणार नाही, त्याचा किरण स्लॅब भेदत नाही.

प्रोजेक्टरचा मोह होईल, तळघर म्हटलं की होतोच. 2.2 मीटरच्या छताखाली उभं राहिलेल्याचं डोकं झोतात येतं, आणि दमट हवेत भिंगांवर धुकं धरतं. एवढ्या खोलीत मी टीव्हीच लावेन.

आता दुकान. जाताना पेनड्राइव्हवर तुमच्या ओळखीच्या चित्रपटातला रात्रीचा एखादा प्रसंग न्या, आणि एक पूर्ण करड्या रंगाचं चित्र. टीव्ही 'दुकान' किंवा 'व्हिव्हिड' मोडमधून काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर आणायला सांगा. पडदा लगेच पिवळसर, मंद वाटेल. तोच खरा रंग आहे, दोन मिनिटांत डोळे जुळवून घेतात. मग रात्रीचा प्रसंग लावा, पडद्याच्या अगदी जवळ जा, दोन्ही तळव्यांचा बोगदा करून डोळ्यांभोवती धरा आणि काळ्या भागाकडे बघा. दुकानातला प्रकाश बाहेर राहतो आणि तुमचं तळघर तळव्यांत तयार होतं. काही क्षणांत कळेल काळा आहे की राखेचा. तसेच एक पाऊल बाजूला सरका: काळ्याचा रंग बदलून जांभळट चमक आली तर समजा, पॅनेल आयपीएस असावं. करडं चित्र लावून डाग किंवा उभे पट्टे दिसतात का ते बघा. सामन्यात कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकला की हेच पट्टे सरकताना दिसतात. शेवटी टीव्ही बंद करायला सांगा आणि त्यात छतावरचा दिवा कसा दिसतो ते बघा, धारदार की विरलेला. विक्रेता कंटाळेल. कंटाळू द्या.

घरी आणल्यावर खोका तळघरात उभा ठेवून रात्रभर बंदच राहू द्या. गार गाडीतून दमट खोलीत आलेल्या पॅनेलवर आतून दव धरतं, आणि तेव्हाच वीज दिलीत तर नवाकोरा टीव्ही जायला तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी उघडा, भिंतीवर चढवण्याआधी जमिनीवरच भिंतीला न टेकवता स्टँडवर चालू करून रात्रीचा प्रसंग आणि करडा पडदा पुन्हा तपासा. खोका आणि आतले थर्माकोल परत घेण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका. त्याला माघारी जायची वेळ आली, तर ह्याच जिन्याने वर जायचंय.